डाव्या मुठीचं कातडं

राजेश्रीच्या हातांना घाम यायचा. आता परभणीकडच्या उन्हात घाम कुणाला येत नाही? पण हिच्या घामाला ऊन लागत नव्हतं. पौषातल्या थंडीत शेकोटीपुढं बसलेली असली तरी तळहात ओलेच. दहावीच्या परीक्षेत उत्तरपत्रिका भिजायला लागली म्हणून तिनं हाताखाली दस्ती, म्हणजे हातरुमाल, ठेवली, तर पर्यवेक्षकांनी कॉपीचा संशय घेऊन ती झटकून पाहिली. पुढं तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या आत्यानं तिचा हात हातात घेतला, लगेच सोडला आणि स्वतःचा हात पदराला पुसला. "पोरीला काई आजार हाय का?" असं तिनं विचारलंही, चहा यायच्या आधीच. सेलूच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार नाही, काहींचा पिंडच असा असतो, मनाला घोर लागला की वाढतं. झालं. तेव्हापासून घोर लागू नये याचाच तिला घोर.

त्यामुळं ती एका जागी कधी ठरलीच नाही. बसली तरी ओढणीचं टोक मुठीत चुरगाळत बसायची. दळण आणायला निघाली की दोनदा माघारी यायची, कडी लावली का बघायला. "तुव्हं बूड भुईला टेकत का न्हाई गं?" असं तिची माय बानूबाई म्हणायची. सत्तावीस वर्षांची झाली तरी टेकलं नव्हतं.

वालूरच्या शिवारात, गावापासून थोडी लांब, त्यांची वस्ती. बाप सटवाजी. त्याला ती दादा म्हणायची. सटवाजीकडं चाळीसेक मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि या दोन्हींपेक्षा जास्त जीव लावलेलं एक ट्रम्पेट. लग्नसराई सुरू झाली की मेंढरं बानूबाईच्या हवाली करून तो मानवतच्या नवरंग ब्रास बँडमध्ये जायचा. तिथं सव्वीस वर्षं त्यानं पहिला बाजा वाजवला. गाणं तो उचलायचा, बाकीचे मागून यायचे. उरलेले महिने सराव चालायचा तो माळावर, मेंढरांपुढं. राजेश्री दहा वर्षांची असल्यापासून त्याच्यामागं माळावर फिरायची. बापाचा दम गेला की बाजा हातात घ्यायची. आधी नुसती फुर्रफुर्र, मग एक सूर, मग दोन. सटवाजीनं शिकवलं असं नाही, पण अडवलंही नाही. ते जुनं ट्रम्पेट इतकं झिजलेलं होतं की त्यावरचं सोनेरी पाणी कधीच उडून गेलं होतं. उघडं काळपट पितळ. राजेश्रीच्या घामाला त्याच्यावर नासवायला काही उरलंच नव्हतं. वाजवून झालं की तिच्या तळहाताला हिरवट डाग पडायचे आणि पैशाच्या नाण्यांसारखा वास यायचा, एवढंच.

मागच्या दिवाळीत सटवाजी एडक्याच्या गळ्यात दोर घालत होता. खाली वाकला आणि एडक्यानं मान वर झटकली. सटवाजीचे वरचे समोरचे दोन दात गेले. ट्रम्पेट ओठांनी वाजतं असं लोकांना वाटतं. पण ओठांना मागून टेकायला दात लागतात. डॉक्टरांनी बसवलेले दात जेवणाला बरे होते. फुंक घातली की ते हलायचे आणि सुराऐवजी हवा निघायची. सटवाजीनं चार दिवस प्रयत्न केला. पाचव्या दिवशी बाजा फडक्यात गुंडाळला आणि धान्याच्या कोठीवर टाकून दिला. त्यानंतर तो मेंढरं घेऊन भल्या सकाळी जायचा, दिवस मावळता यायचा आणि बँडचा विषय निघाला की उठून जायचा.

माघात बँडचे मालक व्यंकटराव मोटारसायकलवर वस्तीवर आले. साठीचा माणूस, पण शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नाही. बूट धुळीत टेकवायच्या आधी जागा बघणारा.

"सटवाजी, नांदेडकडचा कुणी वाजवणारा असंल तर सांग," ते म्हणाले. "तारखा घेऊन बसलोय आन पहिला बाजाच न्हाई."

सटवाजी काडीनं जमीन उकरत बसला. आतून बानूबाई म्हणाली, "पोरगी वाजवती की."

"तू गप," सटवाजी म्हणाला.

"वाजवती म्हंजे?" व्यंकटरावांनी मान वळवली.

राजेश्री दारात उभी होती. हात ओढणीत. कुणी काही म्हणायच्या आत ती कोठीवरून बाजा उतरवून अंगणात आली. आता थांबले तर पुन्हा धीर होणार नाही, हे तिला माहीत होतं. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो, त्या परण्याला वाजवतात ती चाल तिनं धरली. पहिले दोन सूर फाटले. तिसऱ्यापासून आवाज मोकळा झाला. व्यंकटरावांची बोटं मोटारसायकलच्या टाकीवर ठेका धरू लागली. सटवाजी मात्र मध्येच उठून मेंढरांच्या वाड्याकडं गेला.

"बाई ब्यांडात," व्यंकटराव स्वतःशीच म्हणाले. "लोक बघतील." मग म्हणाले, "बघावं म्हणूनच तर ब्यांड सांगतेत लोक. ये सोमवारपासून."

व्यंकटरावांचं एक पक्कं मत होतं. आवाजात डीजेला हरवता येत नाही, झळकण्यात हरवायचं. आताच्या लग्नांत डोक्यावर ड्रोन फिरतो, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. लाल कोट, पांढरे बूट, आणि उन्हात लखलखणारं पितळ! ते चित्र ज्याच्या लग्नात हवं, तो नवरंगला सांगेल. म्हणून त्यांनी त्या वर्षी मेरठहून एक नवं ट्रम्पेट मागवलं होतं. सोनेरी चकाकी अशी की त्यात स्वतःचं तोंड दिसावं. ते त्यांनी राजेश्रीच्या हातात दिलं, तेव्हा तिनं आधी दोन्ही तळहात कोटाला पुसले. पुसून काय होतंय? दुसऱ्या मिनिटाला पुन्हा ओले.

ट्रम्पेट धरतात ते डाव्या हाताच्या मुठीत. मधोमध तीन बटणांच्या तीन उभ्या नळ्या असतात, त्यांना मूठ आवळते. उजव्या हाताची बोटं नुसती बटणं दाबतात. दहा-बारा लग्नं झाली आणि त्या नळ्यांवर चार बोटांची सावली उमटली. आधी नुसती धुरकट. राजेश्रीनं मऊ फडक्यानं पुसली, तर ती निघेना. मग त्या सावलीत बारीक गुलाबी ठिपके दिसू लागले, गोवर उठावा तसे. घरी, गाडीत, मांडवात, जिथं बसेल तिथं ती ते ठिपके मोजायची. काल अकरा होते. आज चौदा.

व्यंकटरावांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. "हे काय?" त्यांनी बोट ठेवलं.

"घाम येतो, मालक."

"घाम समद्यालाच येतो. पण तुव्हा घाम पितळ खायलाय." ते चिडलेही नव्हते, घाबरल्यासारखे दिसत होते. "पाणी उडालं तर ह्या बाज्यात आन जुन्या बाज्यात फरक काय ऱ्हायला? कायतरी कर पोरी. न्हाईतर मला दुसरा माणूस बघावा लागंल."

तिनं पांढरे सुती हातमोजे घेतले. पहिल्याच परण्यात ते चिंब झाले, बाजा मुठीतून घसरला आणि तोंडाकडची वाटी ओठावर आपटली. रक्त गिळत तिनं गाणं पुरं केलं. मग नळ्यांना दस्ती गुंडाळून पाहिली. ती अर्ध्या तासात पिळून काढावी अशी व्हायची. झोपेतसुद्धा तिची डावी मूठ आवळलेली असायची. सकाळी उठल्यावर नखांच्या खुणा तळहातावर.

एके दिवशी वालूर-मानवत एसटीत तिला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. स्टीअरिंगला कातड्याचं वेष्टण होतं, आतल्या बाजूनं दोरीनं शिवत नेलेलं. ड्रायव्हरचे हात घामानं चमकत होते, पण चाकावरची पकड जराही सरकत नव्हती. राजेश्री पुढं वाकून बघतच राहिली. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "बाई, मागं टेकून बसा की. काय हरवलंय का?"

घरी आल्या आल्या तिनं सटवाजीचं जुनं चामडी पाकीट उसवलं. माप घ्यायला धीर कुठं होता! कात्रीनं पट्टी कापली, सायकलच्या पंक्चरचं सोलूशन लावलं आणि नळ्यांभोवती घट्ट चिकटवून टाकली. पकड आली. घाम पितळेपर्यंत पोचेना. व्यंकटरावांनी बघितलं आणि सगळ्या बँडपुढं म्हणाले, "ह्याला म्हंतेत डोकं. बघा, शिका जरा." राजेश्रीला त्या दिवशी पहिल्यांदा गाडीत झोप लागली.

दहा दिवसांनी त्या पट्टीला वास यायला लागला. कळकलेल्या ताकासारखा. तिनं सुईनं एक कड उचलली. खाली हिरवं होतं. आणखी उचलली, तर सोलूशनबरोबर सोनेरी थराची एक सालच निघून आली, भाजलेल्या वांग्याची निघते तशी. खाली उघडं पितळ आणि त्यावर कळंक. आधी ठिपके होते. आता तळहाताएवढा डाग झाला होता.

तिनं चटकन पट्टी परत दाबली. वर आणखी सोलूशन लावलं.

आणि गप्प बसली. त्यानंतरची तीन लग्नं तिनं तशीच वाजवली. व्यंकटराव प्रत्येक ठिकाणी यजमानाला ती कातडी पट्टी दाखवायचे आणि तिच्या हुशारीची गोष्ट सांगायचे. त्यांचं बोट त्या पट्टीवर टेकलं की राजेश्री तिची कड अंगठ्यानं दाबून धरायची. तिसऱ्या लग्नात तिनं एक कडवं चुकून दोनदा वाजवलं. ढोलवाल्यानं वळून पाहिलं. जेवणाच्या पंगतीतून ती अर्ध्यातून उठली आणि टेम्पोत जाऊन बाजा मांडीवर घेऊन बसली. कुणी यायला लागलं की पिशवीचा बंद आवळायची.

मानवतच्या बसस्थानकाजवळ, लिंबाच्या सावलीत योगीराज नावाचा म्हातारा चपला-बूट शिवायला बसायचा. येता-जाता त्याला बघितलेलं होतं. चौथ्या लग्नाच्या आदल्या दिवशी ती त्याच्यापुढं उभी राहिली, बसली, परत उठली.

"उभं ऱ्हायचं का बसायचं, एक काय ते ठरव," योगीराज म्हणाला. "चप्पल दाखव."

"चप्पल न्हाई, मामा." तिनं पिशवीतून ट्रम्पेट काढलं.

योगीराजनं चष्मा वर केला. पट्टीची कड नखानं उचलली, वास घेतला, आणि चामडं कापायची रापी घालून ती सगळीच काढली. भर उन्हात तो हिरवा डाग उघडा पडला. राजेश्रीनं इकडं तिकडं बघितलं.

"पाकिटाचं कातडं हाय हे," तो म्हणाला. "कारखान्यात दवा घालून कमवतेत. त्यात वरून सोलूशन. आन त्याच्यावर तुव्हा घाम. पोरी, कातडं घाम पितं. प्यायलेलं कुठं सोडंल? खाली पितळीलाच पाजत बसंल ना रातंदिस."

"मग कातडं चालतच न्हाई का?"

"चालतं की. पण चिकटवायचं न्हाई. बांधायचं. वाजवणं झालं की सोडायचं, कातडं सावलीत वाळू द्यायचं, पितळ कोरडं पुसायचं. आपुन न्हाई का पायातून वहाण काढून ठेवत? ती घालून झोपल्यावर पायाचं काय व्हईल?"

"तुमी करून देता?"

योगीराजनं ट्रम्पेट तिच्या डाव्या हातात दिलं. "धर. जसं वाजवतीस तसं धर." तिच्या मुठीकडं तो बराच वेळ बघत राहिला. "न्हाई. तुलाच करावं लागंल. कुठं आवळतीस, कुठं सैल सोडतीस, ते तुव्ह्या हाताला ठावं. मी नुसतं सांगतो."

त्यानं बुटांच्या आतून लावतात ते अस्तराचं कातडं काढलं. मेंढीचं, बाभळीच्या सालीत कमावलेलं, गव्हाच्या रंगाचं, गालासारखं मऊ. मेंढरांत जन्म गेला तरी मेंढीचं कातडं असं होतं हे राजेश्रीला माहीत नव्हतं. आधी वर्तमानपत्राचा कागद नळ्यांना गुंडाळून मुठीचा ठसा घेतला. मग कातडं कापलं. पहिला तुकडा जाड राहिला. तिसऱ्या नळीला बोट अडकवायची कडी असते, तिच्यापर्यंत बोटं पुरेनात. दुसऱ्याला भोकं तिरकी पडली आणि बांधल्यावर एक बाजू चढली. ती चिडून उठली, बसस्थानकाला एक चक्कर मारून आली, परत बसली. योगीराज तोवर कुणाच्या तरी बुटाला टाच लावत होता. वर न बघता म्हणाला, "झाली चक्कर? आता कडा रापीनं पातळ कर. घाई करशील तर बोट कापंल."

तिसरा तुकडा बसला. शेवटी तो ओला करून मुठीच्या आकारात दाबायचा होता. योगीराज पाण्याची वाटी पुढं सरकवणार, तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. कातडं आधीच ओलं झालं होतं, बोटांच्या खाचा त्यावर उमटल्याही होत्या.

"आमाला वाटी लागती," तो हसला. "तुला देवानं हातातच दिलीय."

हाताच्या घामावर कुणी हसलं आणि तिला राग आला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. मेणाचा दोरा तिनं तळहाताच्या विरुद्ध बाजूनं ओवला, बुटाच्या नाडीसारखा, ओढला की सुटेल असा. उजव्या अंगठ्याखालीही एक लहान तुकडा बांधला. डाग त्या कातड्याखाली पूर्ण झाकला जात होता. म्हणजे आता कुणाला काही कळलंच नसतं.

हेच तिला सोसवेना. सोलूशनखाली दडलेलं वेगळं होतं. ते तिलाही दिसत नव्हतं. आता दर वेळी नाडी सोडायची, आणि दर वेळी तो डाग तिला एकटीला दिसायचा. मानवतमध्ये व्यंकटरावांच्या घरापर्यंत ती चालत गेली, दारावरून पुढं निघून गेली, चौकातून माघारी आली. व्यंकटराव ओट्यावर बसून कोटांची बटणं चिंचेनं घासत होते.

"मालक, हे बघा," तिनं सरळ नाडीच सोडली.

व्यंकटरावांनी बाजा हातात घेतला. उजेडाकडं धरला. त्यांचा अंगठा त्या डागाच्या कडेकडेनं फिरला.

"कधीचं हाय?"

"वीस दिवस झाले."

"आन मी समद्याला दाखवत फिरलो." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "नासलं त्याचं न्हाई वाटत एवढं. हातून चूक व्हती कुणाच्या बी. पण तू माझ्या तोंडाकडं बघत व्हतीस, मी सांगत असताना."

व्यंकटरावांनी बाजा कातड्यासकट आत नेला. चौथं लग्न त्यांच्या बँडमधल्या माऊलीनं वाजवलं. माऊली मूळचा क्लॅरिनेटवाला, पण ट्रम्पेट त्याला जमायचं.

पुढचे आठ दिवस राजेश्री वस्तीवर होती, असं म्हणायचं एवढंच. प्रत्यक्षात ती कुठंच नव्हती. भांडी दोनदा घासायची. मेंढरं मोजायची, चुकायची, परत मोजायची. लांबून कुठल्या तरी गावात बँडचा आवाज यायचा, तेव्हा हातातलं काम टाकून बांधापर्यंत जायची. नवरंग असेल का? माऊली वरचा सूर धरायला किती दम घेतोय? डावी मूठ आपोआप आवळली जायची, बटणं नसतानाही उजवी बोटं मांडीवर हलायची.

सटवाजीनं हे सगळं बघितलं. एका सकाळी मेंढरं सोडायच्या आधी तो तिच्याजवळ आला. किती तरी दिवसांनी त्यानं विषय काढला.

"सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. बसवलेल्या दातांच्या फटीतून शब्द थोडे शिटीसारखे यायचे. "मी असतो तर सांगितलं नसतं."

"कामून?"

"मला बाज्यापुढं दुसरं काई दिसत नव्हतं." एवढं बोलून तो मेंढरांमागं गेला.

नवव्या दिवशी व्यंकटरावांची मोटारसायकल वस्तीवर आली. खांद्याला ट्रम्पेटची पिशवी. पाणी प्याले, मेंढरांची विचारपूस केली, मग पिशवी उघडली. माऊलीला ती नाडी बायकी वाटली होती म्हणून त्यानं कातडं काढून टाकलं होतं. वैशाखातलं ऊन, तीन लग्नं, आणि बाज्याच्या चांगल्या राहिलेल्या भागावर आता माऊलीच्या बोटांची सावली पडली होती. घाम समद्यालाच येतो हे व्यंकटराव स्वतःच म्हणाले होते. शिवाय तिसऱ्या लग्नात माऊलीचा ओठ फुटला होता आणि नवरदेव मारुतीच्या देवळापर्यंत नुसत्या ढोलावर गेला होता.

"ते कातडं माऊलीनं टेम्पोत टाकलं, आता सापडंना. पिशवीत न्हाई. दुसरं बसवून दे," व्यंकटराव म्हणाले.

राजेश्रीनं आतून कागदाचा ठसा आणला. "नवं करीन, मालक. पण ते माझ्या मुठीच्या मापाचं हाय. माऊलीच्या हाताला बसणार न्हाई."

व्यंकटरावांनी तिच्याकडं बघितलं, बानूबाईकडं बघितलं, आणि घसा साफ केला.

"मग मूठ बी संगं घेऊन चल की. परवा चारठाण्याला लग्न हाय."

दुसऱ्या दिवशी ती योगीराजकडं गेली. या वेळी एकाच तुकड्यात काम झालं. चक्कर मारायला ती उठली नाही असं नाही, पण अर्ध्यातूनच परत आली.

चारठाण्याच्या लग्नाला जाताना टेम्पो वस्तीच्या रस्त्यावर थांबला, तेव्हा तिच्यामागं सटवाजीही चढला. कुणाला काही न सांगता. धुतलेला सदरा घातला होता. बँडमधल्या जुन्या माणसांनी सरकून जागा केली, एकानं तंबाखू पुढं केली, तर त्यानं मान हलवली. रस्ताभर तो बाहेर बघत बसला आणि राजेश्री त्याच्याकडं बघत बसली. त्याच्यापुढं वाजवायचं म्हणजे! ओढणी पिळून पिळून तिचं टोक दोरीसारखं झालं.

परण्या अकराला निघाला. जुन्या देवळांच्या बाजूनं गल्ली अरुंद होती, दोन्हीकडं घरांच्या गच्च्यांवर बाया-पोरं दाटलेली, वर ड्रोन गुणगुणत होता. घोडी बुजू नये म्हणून एकानं तिचे कान धरले होते. राजेश्रीनं नाडी आवळली, मूठ कातड्याच्या खाचांत बसवली. घाम होताच. तळहातातून, मनगटावरून, कोपरापर्यंत ओघळत होता. कातडं तो पीत राहिलं आणि बाजा तसूभर हलला नाही. पहिल्या गाण्याचा वरचा सूर तिनं घेतला आणि गल्ली त्यानं भरून गेली. नवरदेवाचे मित्र नाचायला पुढं घुसले. मागून ढोल, झांजा, माऊलीचं क्लॅरिनेट. फुटलेल्या ओठानं तो आपल्या जुन्या वाद्यावर बराच खूश दिसत होता. व्यंकटराव पुढं उलटे चालत हातानं ठेका देत होते. सटवाजी गर्दीत कुठं आहे, हे ती प्रत्येक वळणावर शोधत होती. एकदा तो एका ओट्यावर दिसला. पुढच्या वळणावर नव्हता. म्हणजे उठून गेला की काय? या विचारात ती दुसऱ्या गाण्याच्या मधल्या कडव्यात घाईत शिरली, दम पुरला नाही, शेवटचा सूर आखूड पडला. नाचणाऱ्यांना कुणालाच ते कळलं नाही. तिला मात्र पुढची तीन गाणी तेच टोचत राहिलं.

लग्न लागलं, जेवणं झाली. टेम्पोच्या सावलीत बसून तिनं नाडी सोडली, कातडं झाडाच्या फांदीवर टाकलं, पितळ कोरडं पुसलं. नवा डाग नव्हता. जुना होता तसाच होता, आता तो जाणारही नव्हता. व्यंकटरावांनी येऊन वाकून बघितलं, "हं" म्हणाले आणि कोटावरची धूळ झटकत निघून गेले.

परतीच्या वाटेवर सटवाजी तिच्या शेजारी येऊन बसला. जिंतूरचा रस्ता मागं पडला. मग म्हणाला, "मधल्या कडव्याला श्वास चोरलास."

"तुमी कुठं व्हते?"

"गर्दीत थांबून कोण ऐकतं? देवळाच्या भिंतीमागं व्हतो. तिथं लोक मधे येत न्हाईत, नुसता बाजा कानावर येतो." त्यानं घसा खाकरला. "ते कडवं असं न्हाई. आधी पोटात हवा भरून घ्यायची, मग सोडायची."

आणि त्या हलत्या टेम्पोत, सगळ्यांसमोर, सटवाजी ती ओळ गुणगुणू लागला. फटीतून हवा जात होती, वरचे सूर शिटी होऊन निघत होते. ढोलवाला हसू दाबत होता. सटवाजीनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

राजेश्रीनं बाजा काढला. कातडं अजून दमट होतं म्हणून ते न बांधता तिनं पिशवीचं कापडच मधे धरलं आणि ओळ वाजवली.

"उशिरा सोडलास. परत."

तिनं परत वाजवली. टेम्पो खड्ड्यात आदळला, सूर वाकडा गेला.

"खड्ड्याचं सोड. परत."

तिसऱ्यांदा वाजवून झाल्यावर तो काहीच बोलला नाही. खिडकीबाहेर बघत बसला. राजेश्री त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. बरं झालं म्हणून गप्प आहे, की सांगून कंटाळला म्हणून? तिला काही कळेना. सेलूचा फाटा आला तसं तिनं दम भरून घेतला आणि त्यानं सांगायच्या आधीच चौथ्यांदा सुरुवात केली.